सर्व्हर ‘नेहमीसारखा’ चालतोय म्हणजे नक्की कसा? बेसलाइनसाठी मदत हवी

निर्गुडी | मंगळ, ११/०६/२०२४ – २२:१४

नमस्कार मंडळी,

तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेचा संगणक विभाग मी सांभाळते. विभाग म्हणजे मी आणि आठवड्यातून दोनदा येणारा एक मुलगा. मुख्य कार्यालय आणि पाच शाखा, सगळ्यांचा भार एकाच सर्व्हरवर. विंडोज सर्व्हर २०१९, त्यावरच एसक्यूएल सर्व्हर (म्हणजे आमचा डेटाबेस), त्यावरच शेअर केलेली फोल्डरं, प्रिंटरही त्याच्याच गळ्यात. ३२ जीबी मेमरी. माझ्या आधीचे साहेब दीड वर्षापूर्वी सोडून गेले, जाताना पासवर्डांचा एक कागद देऊन गेले, बाकी काही नाही.

मार्चअखेरीपासून एकच ओरड चालू आहे, ‘सर्व्हर स्लो आहे’. जास्त करून संध्याकाळी. पिग्मी एजंट बाजारातून वसुली करून येतात, मशीन जोडतात आणि भरणा चढायची वाट बघत बसतात. पूर्वी चहा यायच्या आत काम व्हायचं, आता चहा होऊन पानतंबाखूही होते. हार्डवेअरवाल्यांना बोलावलं तर त्यांनी टास्क मॅनेजर उघडून मेमरी ९१ टक्के दाखवली आणि नवीन सर्व्हरचं ४ लाख ८५ हजारांचं कोटेशन ठेवून गेले. सीपीयू १२ टक्के होता, त्यावर कोणी बोललं नाही.

कोटेशन अध्यक्षांपुढे गेलं. ते निवृत्त शिक्षक आहेत. त्यांनी चष्मा काढून मला एकच विचारलं, “स्लो म्हणजे आता किती, आणि आधी किती होता?”

उत्तर नव्हतं माझ्याकडे. आधीचं काही लिहूनच ठेवलेलं नाही.

जुलैअखेर संचालक मंडळाची बैठक आहे. तोवर बेसलाइन, म्हणजे सर्व्हर नेहमी कसा चालतो याची आकड्यांतली नोंद, तयार करायची आहे. काय मोजायचं, किती दिवस, कितीला चांगलं म्हणायचं आणि कितीला वाईट, हे कोणी सांगेल का? इंटरनेटवर वाचलं की शंभर काउंटरांच्या (मोजायच्या आकड्यांच्या) याद्या मिळतात, त्या वाचून आणखीच गोंधळ होतो.

---

ठोकताळा | मंगळ, ११/०६/२०२४ – २२:४०

झॅबिक्स टाका, सर्व्हरवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे, विंडोजवर आकडे गोळा करणारा त्याचा छोटा प्रोग्रॅम आहे, तयार टेम्प्लेट आहे. एखाद्या जुन्या पीसीवर लिनक्स चढवून अर्ध्या दिवसात उभं राहतं. आलेख आपोआप येतात. विषय संपला.

---

चुलीपुढचा शिपाई | मंगळ, ११/०६/२०२४ – २३:०५

विषय कसला संपतो? आमच्याकडेही तीन वर्षं झॅबिक्स आहे. दिवसाला साठ-सत्तर इशाऱ्यांचे मेल येतात, सगळ्यांनी मिळून त्यांचं वेगळं फोल्डर केलंय आणि ते फोल्डर कोणी उघडत नाही. दोन माणसांच्या विभागात बेसलाइन ही चैन आहे हो. सर्व्हर चालतोय तोवर चालू द्यावा, बंद पडला की बघावं.

---

घाटमाथा | बुध, १२/०६/२०२४ – ००:३१

निर्गुडीताई, आधी त्या ९१ टक्क्यांबद्दल. एसक्यूएल सर्व्हरला मेमरीची कमाल मर्यादा घालून दिली नसेल तर तो मिळेल तेवढी मेमरी घेतो आणि धरून बसतो. डेटा डिस्कवरून पुन्हा पुन्हा वाचावा लागू नये म्हणून. लग्नाच्या पंगतीत पहिल्यांदा बसलेला पाहुणा जसा शेवटचा जिलबीचा ताट येईपर्यंत उठत नाही, तसा. ३२ जीबी असो नाहीतर ६४, तुमचा आकडा नव्वदीतच दिसणार. तेवढ्यावरून कोणी नवीन सर्व्हर विकत असेल तर त्यांना आधी चहा पाजून परत पाठवा. मर्यादा मात्र घाला, विंडोजसाठी चारेक जीबी सोडून.

आता बेसलाइन. ‘कितीला चांगलं’ हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. तुमच्या सर्व्हरचा चांगला आकडा इंटरनेटवर मिळणार नाही, तो तुमच्याच सर्व्हरवर लिहिलेला असतो. माझ्या एका गिऱ्हाइकाकडे सीपीयू दिवसभर ७० टक्क्यांवर असतो आणि कोणाची काही तक्रार नाही. दुसऱ्याकडे २५ च्या वर गेला की मी गाडी काढतो, कारण तिथे तो कधी पंधराच्या वर जातच नाही.

काम असं करा. विंडोजमध्ये परफॉर्मन्स मॉनिटर आहेच, काही विकत घ्यायला नको. त्यात डेटा कलेक्टर सेट बनवा. वाचन दर १५ सेकंदांनी. म्हणजे दिवसाला ५,७६० नोंदी होतात, तेवढ्या पुरतात. काउंटर मोजकेच घ्या:

प्रोसेसरचा टक्का आणि त्याच्या जोडीला प्रोसेसर क्यू लेंग्थ, म्हणजे किती कामं रांगेत ताटकळतायत. मेमरीत अव्हेलेबल एमबाइट्स. डिस्कसाठी ॲव्हरेज डिस्क सेक पर रीड आणि पर राइट. डिस्क किती टक्के व्यस्त आहे हे बघू नका, एक वाचन पुरं व्हायला किती वेळ लागतो ते बघा. डेटाबेसच्या डिस्कला ते १० मिलिसेकंदांच्या आत असलं तर निवांत राहा, सतत २० च्या वर राहू लागलं तर तिकडे लक्ष द्या. नेटवर्कसाठी बाइट्स टोटल पर सेक, आणि त्याच यादीत ‘करंट बँडविड्थ’ नावाचा एक काउंटर आहे, तोही घ्या. लोक तो निरुपयोगी समजून सोडतात. एसक्यूएलचा बॅच रिक्वेस्ट्स पर सेक, म्हणजे सेकंदाला किती मागण्या येतात तो, घ्या, नाहीतर काम वाढलं की सर्व्हर मंदावला हे कळायला मार्ग राहत नाही.

दोन पूर्ण आठवडे चालू ठेवा. आणि या सगळ्याच्या आधी एक काम: कॅशियरबाईंच्या हातात मोबाइलचं स्टॉपवॉच द्या. खातेउतारा उघडायला किती सेकंद, रोजकीर्द प्रिंटला जायला किती, एका पिग्मी मशीनचा भरणा चढायला किती. दिवसातून तीन वेळा, वहीत. अध्यक्षांना समजेल अशी बेसलाइन हीच आहे.

---

अडकित्ता | बुध, १२/०६/२०२४ – ०९:१२

घाटमाथा यांना +१. स्टॉपवॉचचं विशेष पटलं.

लिनक्सवाले हा धागा वाचत असतील तर त्यांच्यासाठी: सिसस्टॅट टाकलं की ‘सार’ हे मोजमापाचं साधन मिळतं, ते मुळात दर १० मिनिटांनी नोंद ठेवतं. डेबियन-उबंटूवर ते नुसतं टाकून चालत नाही, सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं. मी एकदा महिनाभर डेटा जमतोय या भ्रमात होतो. आणि लोड ॲव्हरेज (चालू आणि ताटकळलेल्या कामांची सरासरी संख्या) बघून घाबरू नका, लिनक्स त्यात डिस्कची वाट बघत अडकलेली कामंही मोजतो. सीपीयू माश्या मारत असला तरी लोड २० दिसू शकतो.

भाड्याच्या व्हर्च्युअल मशीनवर असाल तर ‘स्टील’चा टक्का नक्की नोंदवा. शेजारच्या बिऱ्हाडाने आपलं पाणी किती ओढलं ते त्यात दिसतं.

---

कांडं पेरं | बुध, १२/०६/२०२४ – १३:२०

मी साखर कारखान्यात आहे, म्हणून ‘दोन आठवडे’ या शब्दाला थोडा अडलो. आमचा सर्व्हर जूनमध्ये मोजला तर तो देवमाणूस आहे. गळीत हंगाम सुरू झाला की वजनकाटा चोवीस तास, गाडीमागून गाडी, प्रत्येक गाडीची पावती. तेव्हाचा सर्व्हर आणि आजचा सर्व्हर यांची तुलनाच नाही. जूनमधल्या बेसलाइनवर इशारे लावले तर डिसेंबरात रोज रात्री तीनला फोन वाजेल.

पतसंस्थेचंही असंच असणार ना? मार्चअखेर, सहामाही व्याज, दिवाळीआधीच्या ठेवी. आणि रोजच्या दिवसातही सकाळ वेगळी, संध्याकाळ वेगळी. एकच बेसलाइन कशी चालेल?

---

घाटमाथा | बुध, १२/०६/२०२४ – १३:५५

नाहीच चालत. पण कुठून तरी सुरुवात करायची तर साध्या दिवसांपासून. मग ३० सप्टेंबर आणि ३१ मार्चला वेगळी पानं. तासाच्या हिशोबाने बघायचं: मंगळवारची संध्याकाळ मागच्या मंगळवारच्या संध्याकाळशी ताडायची, त्याच दिवशीच्या दुपारशी नाही.

आणि दिवसाची सरासरी कधीही काढू नका. २० मिनिटं सीपीयू ९५ टक्क्यांवर होता आणि उरलेला दिवस ८ वर, तर सरासरी ९ येते. त्या २० मिनिटांत एजंट शिव्या देत होते, तुमच्या कागदावर ९ टक्के. म्हणून तासातल्या नोंदी चढत्या क्रमाने लावा, शंभरातली पंच्याण्णवावी नोंद घ्या. पाच टक्के अचानकची उसळी सोडून दिली की त्या तासाचा खरा वरचा पल्ला कळतो. एक्सेलमध्ये पर्सेंटाइलचं सूत्र आहे. परफॉर्मन्स मॉनिटरची फाईल विंडोजच्याच ‘रीलॉग’ या आज्ञेने एक्सेलला वाचता येईल अशी सीएसव्ही करून घ्या.

---

बारा गावचं पाणी | बुध, १२/०६/२०२४ – २१:४८

सरासरीच्या विषयावर माझी एक फजिती सांगतो. एका ठिकाणी स्विचच्या पोर्टांचे आलेख मी एमआरटीजी या साधनावर काढत असे, दर पाच मिनिटांनी. एक गिगाबिट पोर्ट कायम रिकामा दिसायचा. मी बिनधास्त आणखी दोन विभाग त्याच्यावर टाकले. बोंबाबोंब झाल्यावर शोधलं तर स्विचचा जुना काउंटर ३२ बिटांचा. ४,२९,४९,६७,२९६ पर्यंत मोजतो आणि पुन्हा शून्यावर येतो. गिगाबिट पूर्ण वेगाने वाहत असेल तर ३४ सेकंदांत एक फेरा. पाच मिनिटांत आठ-नऊ फेरे मारून काटा जिथे थांबेल तेवढं मी खरं मानत होतो. रिक्षाच्या मीटरने मुंबई-नागपूर मोजल्यासारखं. तेव्हापासून ६४ बिटांचा काउंटर आहे का हे आधी बघतो, मग बाकीचं.

दुसरं, या साधनांत जुना डेटा आकसत जातो. पाच मिनिटांच्या नोंदींची पुढे तासांची सरासरी होते, मग दिवसाची. मागच्या मार्चचं शिखर यंदाच्या मार्चमध्ये बघायला जावं तर टेकडी उरलेली असते. प्रोमिथियस हे असंच एक साधन तर मूळ सेटिंगमध्ये १५ दिवसांपलीकडचं ठेवतच नाही. झॅबिक्स निदान तासाचं किमान, सरासरी आणि कमाल तीनही ठेवतो, तेवढं बरं. बेसलाइनचे आकडे त्या साधनातच सोडू नका, बाहेर काढून जपून ठेवा.

---

दुपारची झोप | गुरु, १३/०६/२०२४ – १५:०२

अवांतर: बेसलाइनला मराठीत काय म्हणावं? पायारेषा? आधाररेषा?

---

चुलीपुढचा शिपाई | गुरु, १३/०६/२०२४ – १५:१०

‘नेहमीचं’. किराणा दुकानात म्हणतात तसं. “नेहमीचंच द्या.”

---

निर्गुडी | गुरु, १३/०६/२०२४ – २१:३०

सगळ्यांचे आभार. कलेक्टर सेट काल दुपारपासून चालू केला. एक शंका: दर १५ सेकंदांऐवजी दर सेकंदाला घेतलं तर जास्त अचूक नाही का होणार?

---

ठोकताळा | गुरु, १३/०६/२०२४ – २१:५२

नको! हे मी केलंय. दर सेकंदाला, आणि उत्साहात ‘सगळे काउंटर’, सगळ्या प्रोसेसचे. फाईल सी ड्राइव्हवर. रविवारी सुट्टीवर होतो, सोमवारी सकाळी सी ड्राइव्ह ठासून भरलेला आणि सर्व्हर मान टाकून बसलेला. ज्याची तब्येत मोजायला गेलो त्यालाच मोजमापाने झोपवला. लॉग वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा आणि फाईलला आकाराची मर्यादा घाला.

---

निर्गुडी | बुध, २६/०६/२०२४ – २३:१८

दोन आठवडे झाले. एक्सेलमध्ये दोन रात्री घालवल्या. कामाचे दिवस तेवढेच धरलेत, पंच्याण्णवाव्या नोंदीने:

सीपीयू: सकाळी १०.१५ ते ११ ला ४१ टक्के, दुपारी १४, संध्याकाळी ६ ते ८ ला १६. रांग जवळपास शून्य.
डिस्क वाचन: दिवसभर ३ ते ५ मिलिसेकंद. सकाळी सव्वादहाला मात्र १९.
मेमरी: मर्यादा घातल्यावर साडेतीन जीबी मोकळी राहते.
बॅच रिक्वेस्ट्स: सकाळी जास्त, संध्याकाळी त्याच्या निम्म्याहून कमी.
नेटवर्क, बाइट्स टोटल: दिवसभर २ ते ४ लाख. संध्याकाळी ६ ते ८ पर्यंत १ कोटी १७ लाख.

स्टॉपवॉचची वही: खातेउतारा सकाळी ४ सेकंद, दुपारी २, संध्याकाळी सातला ११ ते १४. पिग्मी मशीनचा भरणा दुपारी ४० सेकंद (एका एजंटला मुद्दाम दुपारी बोलावलं, भजी खाऊ घालावी लागली), संध्याकाळी साडेचार मिनिटं.

म्हणजे ज्या वेळी सर्व्हर सगळ्यात निवांत दिसतो त्याच वेळी लोकांना सगळ्यात जास्त थांबावं लागतंय. नेटवर्कचा आकडा मोठा वाटतो, पण पोर्ट गिगाबिट आहे, त्यामुळे तिथे काही अडचण नसावी. मला तर काही उलगडा होत नाही. कदाचित शाखांच्या लाइनी?

---

बारा गावचं पाणी | बुध, २६/०६/२०२४ – २३:४१

थांबा. तो १ कोटी १७ लाखांचा आलेख कसा दिसतो? वरखाली होतो की सपाट आहे?

---

निर्गुडी | बुध, २६/०६/२०२४ – २३:४४

एकदम सपाट. सहाला सरळ भिंतीसारखा चढतो, आठच्या सुमाराला सरळ खाली. मध्ये पाचगणीच्या टेबललँडसारखा.

---

बारा गावचं पाणी | बुध, २६/०६/२०२४ – २३:५१

माणसांच्या कामाचा आलेख कधी असा सपाट नसतो. सपाट म्हणजे डोकं छताला लागलंय. हिशोब करा: १ कोटी १७ लाख बाइट, गुणिले आठ, ९ कोटी ३६ लाख बिट. म्हणजे सेकंदाला साडेत्र्याण्णव मेगाबिट. १०० मेगाबिटच्या पोर्टातून जेवढं खरं काम निघतं, जवळपास तेवढंच. गिगाबिट पोर्टाचं छत एवढं खाली कसं येईल?

घाटमाथांनी सांगितलेला करंट बँडविड्थ काउंटर घेतलाय ना? पोर्ट किती वेगाने जोडलेला आहे ते तो बिटांत दाखवतो. त्यात १ वर किती शून्यं आहेत ती मोजा. नऊ हवीत.

---

निर्गुडी | गुरु, २७/०६/२०२४ – ००:०३

आठ.

तीनदा मोजली. आठच आहेत. चौदा दिवस हा आकडा माझ्यासमोर होता, प्रत्येक ओळीत तोच, म्हणून मी तो रकाना लपवून टाकला होता.

---

अडकित्ता | गुरु, २७/०६/२०२४ – ००:१०

हाहाहा! रकाना लपवला!! पण खरंच, मीही लपवला असता.

---

घाटमाथा | गुरु, २७/०६/२०२४ – ०८:०५

रात्री झोपलो आणि इथे शोध लागला. ताई, स्वतःला बोल लावू नका, काउंटर घेतलात म्हणून तर सापडला.

आता दोन प्रश्न. १०० मेगाबिटला तारांच्या दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला केबलच्या चारही. आठपैकी एखादी तार तुटली की बरीच कार्डं निमूटपणे १०० वर येऊन काम चालू ठेवतात, कुठे लाल दिवा नाही की घंटा नाही. तेव्हा केबल बघा. पॉवरशेलमध्ये ‘गेट-नेटॲडॅप्टर’ दिलंत तर लिंक स्पीड एका ओळीत दिसेल.

दुसरा: सहाला रोज काय सुरू होतं? माझा अंदाज बॅकअप.

तसं असेल तर तुमच्याकडे जुनी बेसलाइन आहे, फक्त तुम्हाला ठाऊक नाही. एसक्यूएल सर्व्हर प्रत्येक बॅकअपची सुरुवात आणि शेवट एमएसडीबी डेटाबेसमधल्या बॅकअपसेट तक्त्यात लिहितो. कोणी साफ केलं नसेल तर वर्षानुवर्षांचं तिथे पडलेलं असतं. बॅकअप नेटवर्कवरून दुसऱ्या डब्यात जात असेल तर त्याला लागणारा वेळ म्हणजे तुमच्या केबलचं रोजचं स्टॉपवॉचच. तारखांप्रमाणे काढा आणि वेळ कुठे उडी मारतो ते बघा.

---

निर्गुडी | गुरु, २७/०६/२०२४ – २१:४७

काढलं. ऑफिसमध्ये बसूनच लिहायचं होतं, पण हात थरथरत होते म्हणून घरी येऊन लिहितेय.

बॅकअप आधीच्या साहेबांनी संध्याकाळी सहाला लावलेला होता, कार्यालय बंद होतं तेव्हा. तो सरळ नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या डब्यात, जातो. डेटाबेस ७८ जीबी. तक्त्यात २०२१ पासूनच्या नोंदी आहेत. शनिवार १० फेब्रुवारीपर्यंत रोज ६ वाजून १३ मिनिटांच्या आसपास पूर्ण. एजंट येतात साडेसहानंतर, त्यामुळे दोघांची कधी गाठच पडली नाही. सोमवार १२ फेब्रुवारीपासून ७ वाजून ५९. रोज. मार्चअखेरीचा ताण वगैरे काही नाही, त्याच्या दीड महिना आधीपासून. मार्चमध्ये एजंटांची गर्दी वाढली म्हणून ओरड वाढली आणि आम्ही सगळ्यांनी मार्चलाच दोषी धरलं.

मधला रविवार ११ तारखेचा. हजेरीपट बघितला. त्या दिवशी सर्व्हरच्या खोलीचं रंगकाम झालं. रंगारी आणि शिपाई, दोघांनी मिळून रॅक भिंतीपासून ओढलं होतं.

रॅकच्या मागे वाकून टॉर्च मारला. सर्व्हरची केबल रॅकच्या चाकाखाली. चाक वर उचलून ती बाहेर काढली तर एका जागी पापडासारखी चपटी, वरचं निळं आवरण फाटलेलं आणि आतली तपकिरी तार तुटून दोन टोकांना. केबलवर पिवळसर डिस्टेंपरचे शिंतोडे.

नवीन पॅचकॉर्ड लावली, १८० रुपयांची. नऊ शून्यं. आजचा बॅकअप ६ वाजून १३ मिनिटांनी संपला.

---

कांडं पेरं | गुरु, २७/०६/२०२४ – २१:५५

४ लाख ८५ हजार वजा १८०. पेढे हवेत.

---

चुलीपुढचा शिपाई | गुरु, २७/०६/२०२४ – २२:२०

माझे वरचे शब्द मागे घेतो. निम्मे. इशाऱ्यांच्या मेलबद्दल जे बोललो ते कायम. पण लिंक स्पीड उतरली तर एक मेल, एवढा एकच इशारा उद्या लावतो. आमच्या सव्वीस पोर्टांत किती ठिकाणी आठ शून्यं आहेत या विचाराने आता झोप येणार नाही.

---

ठोकताळा | शुक्र, २८/०६/२०२४ – १०:३०

प्रश्न: मग ते दोन आठवड्यांचे आकडे फेकून द्यायचे का? तापात घेतलेलं वजन ते. बेसलाइन निरोगी अवस्थेची हवी.

---

घाटमाथा | शुक्र, २८/०६/२०२४ – १०:५८

फेकायचे कशाला? त्यावर ‘केबल तुटलेली असताना’ असं ठळक लिहून ठेवायचे. पुन्हा कधी तशी लक्षणं दिसली तर अर्ध्या तासात ओळखू येतील. पण तुमचं निम्मं खरं आहे, आजपासून पुन्हा दोन आठवडे मोजावं लागेल. केबल बदलली, मेमरीची मर्यादा बदलली, म्हणजे सर्व्हर आता वेगळा आहे.

वहीत एक रकाना वाढवा: ‘आज काय बदललं’. विंडोजचे अपडेट, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती, नवी शाखा, आणि रंगारी. आकड्यांपेक्षा हा रकाना भरायचा कंटाळा येतो, हे अनुभवाने सांगतो.

माझं मत विचाराल तर बॅकअपही रात्री दहाला न्या. गिगाबिट आहे म्हणून सहाला ठेवायचं कारण नाही, डेटाबेस वाढतच जाणार.

आणि सकाळी सव्वादहाचा डिस्कचा १९ मिलिसेकंद माझ्या नजरेतून सुटलेला नाही. तो केबलचा नाही. बँकेचं काम सकाळी जोरात असतं हे मान्य, पण इतकं? अँटिव्हायरसचं स्कॅन कितीला लागतं ते बघा.

---

निर्गुडी | सोम, १५/०७/२०२४ – २२:०९

नवे दोन आठवडे पूर्ण. संध्याकाळी सातला खातेउतारा २ सेकंद. पिग्मी मशीन ३८ ते ४५ सेकंद. बॅकअप रात्री दहाला नेला.

सव्वादहाचं: अँटिव्हायरसचं वेळापत्रक रात्री एकचं आहे, तो नाही. सकाळी कॅशियर आणि चार क्लार्क एकाच वेळी आदल्या दिवसाची तेरीज काढतात, प्रत्येक जण स्वतःची स्वतंत्र, कारण “आपली आपल्याकडे असलेली बरी”. तोच अहवाल पाच वेळा. हे सर्व्हरचं दुखणं नाही आणि त्यावर उपाय माझ्या हातात नाही. नुसता विषय काढला तर क्लार्कलोक माझ्याकडे मी त्यांची खुर्ची मागितल्यासारखं बघायला लागले. तेव्हा १९ मिलिसेकंद हे आमचं ‘नेहमीचं’ म्हणून लिहून टाकलं.

अध्यक्षांना वही दाखवली. त्यांनी पानं उलटली, लाल पेनने एका ठिकाणी माझी बेरजेची चूक काढली आणि सही केली.

---

अडकित्ता | सोम, १५/०७/२०२४ – २२:३०

सही! वाचनखूण साठवली आहे. लाल पेन वाचून शाळा आठवली.

---

निर्गुडी | मंगळ, ०१/१०/२०२४ – २३:३६

धागा वर काढतेय, माफी असावी. काल सहामाही व्याज टाकलं, त्याचं पान:

व्याज चढवायला ५२ मिनिटं. सीपीयू ८८, रांग ३ ते ४. डिस्क लेखन २६ मिलिसेकंदांपर्यंत, पण फक्त शेवटची दहा मिनिटं. नेटवर्क नगण्य. नऊ शून्यं.

मार्चअखेर किती वेळ लागला होता ते कुठे लिहिलेलं नाही. कॅशियरबाई म्हणतात “जेवून आले तरी चालूच होतं”. त्या जेवायला पाऊण तास घेतात.

---

बारा गावचं पाणी | बुध, ०२/१०/२०२४ – ०९:१५

डिस्कचा २६ लिहून ठेवा, मार्चला लागेल. आणि तो डेटाबेसच्या स्वतःच्या लॉग फाईलच्या (व्यवहारांच्या नोंदवहीच्या) डिस्कचा आहे की डेटाच्या, तेही लिहा. दोन्ही एकाच डिस्कवर असतील तर पुढच्या कोटेशनसाठी तोच विषय आहे. एक एसएसडी, सर्व्हर नव्हे.

---

निर्गुडी | बुध, ०२/१०/२०२४ – १३:०४

एकाच डिस्कवर आहेत. लिहिलं.